डब्यावरचे बाबा

१२ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकला असशील. फोन असताना पत्र कशाला, असंही म्हणशील. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून. आणि फोन बाबांच्या उशाशी असतो. कागदाला मध्येच "ऐक ना, तू ऐक ना" म्हणता येत नाही, एवढी सोय बघून लिहायला बसले आहे.

इकडे सर्व ठीक. न्हाणीघराची गळती एकदाची थांबली. माझ्या औषधाच्या दुकानात नवा काउंटर आलाय, तो इतका उंच आहे की संध्याकाळपर्यंत खांदे भरून येतात. मालकांना सांगितलं तर म्हणाले, तुम्हीच बुटक्या आहात. वहिनींना नमस्कार, मुलींना पापे. झालं, रीत संपली.

आता कामाचं. तू पाठवत असलेली पावडर मी बंद केली आहे.

लगेच फोन उचलू नकोस, आधी वाच. बाबांचं मार्चपासून काय होत गेलं ते मी तुला दर रविवारी सांगत होते, तू "वय झालं गं" म्हणत होतास. एप्रिलमध्ये त्यांना पुस्तक शिवायची सुई नीट धरवेना. मे महिन्यात बाइंडिंगच्या खोलीच्या दारात पाय जमिनीला चिकटू लागले. उंबरा नाही, पायरी नाही, सपाट फरशी, आणि माणूस दारात उभा तो उभाच. मी फरशीवर पांढऱ्या चिकटपट्ट्या मारल्या, त्या ओलांडायच्या म्हटलं की पाऊल उचललं जातं. जूनमध्ये जुन्या डॉक्टरांनी गोळी वाढवली. जुलैत बाबांनी कामाला हात लावणं सोडलं. ग्रंथालयाचा एक जाडजूड कोश अर्धा शिवून पुस्तक दाबायच्या शिकंज्यात तसाच राहिला. ग्रंथपालबाईंचा निरोप आला की घाई नाही, तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. घाई नाही असं त्यांना पन्नास वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं.

आम्ही समजलो की आजार वाढला. सगळेच तसं समजले.

गेल्या आठवड्यात जुने डॉक्टर रजेवर होते, त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी हात-पाय तपासायच्या आधीच विचारलं, "आजोबा, गोळी कशाबरोबर घेता?" बाबा म्हणाले, पाण्याबरोबर. ते खोटं होतं. मग पावडरीचा विषय निघाला. त्यांनी डब्याचं नाव विचारलं, त्यात काय काय आहे ते फोनवर वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

तू समजून घ्यावंस म्हणून त्यांनी सांगितलं तसंच लिहिते. कंपवाताची ही गोळी आतड्यातून रक्तात जाते आणि रक्तातून मेंदूत. खाण्यातली प्रथिनं त्याच दारातून जातात. दोघं एकदम आली की दारात रेटारेटी होते आणि गोळी मागे राहते. तुझ्या पावडरीत प्रथिनं ठासून भरलेली आहेत, वर लोह आहे, तेही गोळीला धरून ठेवतं. म्हणजे बाबा दिवसातून चार वेळा गोळी घेत होते आणि ती बरीचशी वाया जात होती.

त्या म्हणाल्या, पोषण वाईट नाही. आजोबांचं वजन उतरलंय, त्यांना प्रथिनं हवीतच, पण गोळीपासून लांब. गोळी रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर, खाण्याच्या निदान अर्धा-पाऊण तास आधी. पावडर घ्यायचीच असेल तर विचारून, वेगळ्या वेळेला. इतकं साधं होतं ते.

आणि तुझ्या डब्याबरोबर आलेल्या कार्डावर काय छापलंय? "औषधासोबत घ्या, दुप्पट गुण मिळवा." हे कुणी लिहिलं, दादा? तू ते वाचलं होतंस का? ज्या आजाराच्या नावानं तुम्ही डबा विकता, त्याची गोळी काय असते एवढं तरी कुणी विचारलं होतं का?

असो. पावडर बंद करून आज सहावा दिवस. उगाच आशा लावून घ्यायची नाही असं मी ठरवलंय. तू एवढंच कर, पुढचे डबे पाठवू नकोस. आणि रविवारी फोनवर बाबांना पावडरीचं विचारू नकोस.

तुझी,
बारकी


२१ सप्टेंबर

दादा,

या वेळी नमस्कार नाही. तुझं पार्सल काल मिळालं.

मी पत्रात काय लिहिलं होतं? डबे पाठवू नकोस. तू काय केलंस? सहा पाठवलेस. माझ्या चार पानांना तुझं उत्तर काय, तर फोनवर तीन ओळी. "नॅचरल आहे गं. डॉक्टरांना गोळ्या खपवायच्या असतात. घाबरू नकोस." तुझ्या मते मी घाबरले आहे. नाही रे बाबा, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे, त्याला घाबरणं म्हणत नाहीत.

आणि डब्यावर बाबांचा फोटो!

दुकानातून आले, खोकं फोडलं, आणि टेबलावर सहा बाबा ओळीनं हसत उभे. हातात सुईदोरा, खाली लिहिलंय, "चार वर्षांचा कंपवात. आज पुन्हा कामावर!" ते आज कुठल्या तारखेचं, सांग मला. तो कपाटातला निळा शर्ट. ते शिकंज्यापाशी बसलेले. मला ती सकाळ मिनिटामिनिटानं आठवते, कारण सहा वर्षांनी तू घरात आला होतास.

तू विसरला असशील तर आठवण करून देते. सहा वर्षांपूर्वी तू बाइंडिंगच्या खोलीत, गिऱ्हाइकांसमोर बाबांना म्हणालास की पुठ्ठ्याला चिकटून जन्म घालवलात. ते म्हणाले, पुन्हा इथे पाय ठेवू नकोस. दोघंही शब्दाचे इतके पक्के की बाबांना आजार झाला हे कळूनही तू दोन ओळी लिहिल्या नाहीस. मग मार्चमध्ये अचानक दारात उभा, दोन्ही हातांत डबे. त्या दिवशी बाबांनी दोनदा दाढी केली. मला म्हणाले, "बघ, आणलं काहीतरी माझ्यासाठी." मीही हुरळले, कशाला खोटं बोलू. तू विकायला आणलंयस हे मला दुपारपर्यंत कळलं नाही.

हा फोटो ज्या व्हिडिओतला, तो तू अकराच्या सुमाराला घेतलास. बाबांनी दहाची गोळी घेतली होती, रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर, तेव्हा नेहमी घ्यायचे तशी. म्हणून सुईत दोरा एका झटक्यात गेला. म्हणून त्यांनी तुला सोळा पानांचा अख्खा फर्मा शिवून दाखवला. तुझ्या हातातला डबा तेव्हा सीलबंद होता. त्याचं सील मी दुपारी फोडलं, भाजी कापायच्या सुरीनं. जगाला तू पावडरीचा गुण म्हणून जे दाखवतोयस तो गोळीचा गुण आहे, आणि तुझी पावडर पोटात गेल्यापासून तो फर्मा शिवणारा माणूस संपला होता. याला धूळफेक नाही तर काय म्हणायचं?

तो व्हिडिओ फिरतोय हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं. दुकानात एक बाई आल्या. त्यांचे यजमान बसचालक होते, निवृत्त झाले, त्यांनाही हाच आजार, हीच गोळी. बाईंनी फोन माझ्यापुढे धरला, "हे मिळेल का हो? माझा एक डबा संपत आला." फोनमध्ये बाबा दोरा ओवतायत आणि मागून बाईचा आवाज विचारतोय, "बाबा, आता कसं वाटतंय?" बाबा म्हणतात, "झकास."

तो आवाज माझा आहे. तूच मला म्हणाला होतास, काहीतरी विचार त्यांना.

मी बाईंना म्हटलं, "हे माझे वडील आहेत. ही पावडर गोळीबरोबर देऊ नका, आज डॉक्टरांकडे जा." त्यांना पटेना. म्हणाल्या, "अहो पण हे तर चालतायत." मी परत सांगितलं. मग त्यांनी माझ्या पांढऱ्या कोटाकडे बघितलं, फोनकडे बघितलं आणि विचारलं, "मग तुम्हीच यात का बोललात?" मागे रांग होती. मला उत्तर देता आलं नाही. त्यांचे यजमान दोन आठवड्यांत दोनदा पडलेत, दादा. दुसऱ्यांदा मनगट मोडलं.

बाबांचं म्हणशील तर, चौथ्या दिवशी ते आपणहून उठून बसले. आठव्या दिवशी पट्ट्या न बघता दार ओलांडलं. काल शिकंजा सैल करून तो कोश बाहेर काढला, आणि जुलैत घातलेले टाके उसवायला घेतले, म्हणाले, हे टाके माझे नाहीत. चव्वेचाळीस टाके उसवले. आजार गेला नाही, जाणारही नाही, डॉक्टरीणबाईंनी ते स्पष्ट सांगितलंय. दुपारी साडेतीन-चारला हात अजून थरथरतात, आवाज बसलेलाच आहे. पण पाच महिने, दादा! त्यांच्याकडे उरलेल्या चांगल्या महिन्यांपैकी पाच आपण फुकट घालवले. ते कुणी भरून देणार आहे का?

तुझे सहा डबे परत पाठवत नाही. परत पाठवले तर तू दुसऱ्या कुणाच्या तरी बापाला देशील. मी ते मोरीत ओतले. मोरी तुंबली, ती आता साफ करते आहे.

एक राहिलं. रविवारी फोनवर तू दबक्या आवाजात मला विचारलंस, "पण ग्लासात मिसळत कोण होतं?" मी फोन ठेवला. त्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. चोर सोडून संन्याशाला धरायची तुझी सवय लहानपणापासूनची आहे.

व्हिडिओ हटव. डब्यावरून बाबांना उतरव.

बारकी


३० सप्टेंबर

दादा,

मी मिसळत होते.

गेले नऊ दिवस हे लिहायला बसते आणि उठते. तू विचारलंस म्हणून सांगत नाही. तू ज्या आवाजात विचारलंस त्याचा राग मला अजून आहे. त्या बसचालकांच्या बाईंना उत्तर देता आलं नाही म्हणून सांगते.

दुकानात माझी एक पद्धत आहे. वाचता न येणारी, चष्मा विसरणारी, घाईतली बरीच माणसं येतात. म्हणून औषधाच्या प्रत्येक पाकिटावर मी पेनानं एक वर्तुळ काढते. नुसतं वर्तुळ म्हणजे रिकामं पोट. आत शाई भरली की भरलं पोट. सोळा वर्षं काढतेय. म्हातारी माणसं मला वर्तुळवाल्या ताई म्हणतात. बाबांच्या गोळीच्या डबीवर चार वर्षांपूर्वी मीच वर्तुळ काढलं होतं. रिकामं.

मार्चमध्ये तू गेल्यावर, दुसऱ्या दिवशी, मी ते भरलं.

माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. त्या गोळीच्या पाकिटातला घडीचा कागद मी नोकरीला लागले तेव्हाच वाचला होता. रोज माणसांना सांगते, ही खाण्याआधी हं आजी. त्या सकाळी डबी हातात घेतल्यावर तो कागद आठवला नाही, असं मी तुला लिहिणार होते. खोटं आहे ते. आठवला होता. मग मी स्वतःशी म्हटलं, दादा एवढं खात्रीनं म्हणतोय, कंपनीनं छापलंय, विचारून घेतलंच असेल त्यांनी. मी, जी मालकांच्याही नुसत्या शब्दावर विसंबत नाही, मी तुझं मान्य केलं. पेन काढलं आणि वर्तुळ भरलं.

का, ते सांगते. आधी असं होतं की सहाला बाबांना उठवून गोळी द्यायची, मग पाऊण तास थांबायचं, मग दूध-अंडं, मग तोंड पुसणं, कपडे, मग माझं आवरून आठची बस. तो पाऊण तास धड झोपेचा नाही की कामाचा नाही. पावडर आली आणि सगळं एका ग्लासात बसलं. गोळी कुटायची, पावडरीत घालायची, ढवळायचं, संपलं. दहाचा आणि दोनचा ग्लास झाकून ठेवून जायचं. मला रोज पाऊण तास मिळाला. त्यात मी काय करत होते सांगू? काही नाही. खिडकीशी बसून चहा पीत होते. समोरच्या इमारतीतल्या लोकांचे कपडे वाळत घातलेले बघत होते. चार वर्षांत मला असं बसायला मिळालं नव्हतं, दादा, आणि ते मला इतकं आवडलं की बाबांचा हात एप्रिलमध्ये अडखळू लागला तेव्हा मी आजाराला दोष दिला.

तू विचार न करता कार्ड छापलंस. मी विचार करून ग्लास ढवळला. आता तू ठरव मोठं कोण.

बाबांना हे सांगायचं मला धाडस होत नव्हतं. परवा सांगितलं. ते कोशाच्या पाठीला सरस लावत होते. ब्रश खाली न ठेवता म्हणाले, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"पावडरीनं गोळी मरते ते. पहिल्या आठवड्यातच कळलं. एकदा तुझा ग्लास माझ्या हातून सांडला. मग मी डबीतली गोळी नुसती पाण्याबरोबर घेतली. त्या दिवशी दोन वह्या शिवल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा ग्लास घेतला, हात लाकूड. बाइंडरला आपला हात कळत नाही होय?"

मी तिथेच स्टुलावर बसले. म्हटलं, "मग बोलला का नाहीत? डॉक्टरीणबाईंना पाणी म्हणून का सांगितलंत?"

ते बराच वेळ ब्रश फिरवत राहिले. बोलायला त्यांना वेळ लागतो, तुला माहीत नाही, कारण तू थांबत नाहीस. मग म्हणाले, "तो रविवारी काय विचारतो? पावडर घेता ना? मी म्हणतो, घेतो. मग विचारतो, चव कशी आहे? मी सांगतो, बरी आहे, जरा गोड आहे. मग तो म्हणतो, दुसऱ्या चवीची पाठवू का? असं करत पंधरा मिनिटं जातात. सहा वर्षांनी पंधरा मिनिटं. घेत नाही म्हटलं असतं, तर त्यानं दुसरं काय विचारलं असतं गं?"

त्यांनी ब्रश पुन्हा सरसात बुडवला.

"आणि तू सकाळची खिडकीशी बसायचीस. मला पलंगावरून दिसायचीस. म्हटलं, बसू दे पोरीला."

दादा, मला त्यांच्यावर इतका संताप आला की मी उठून बाहेर गेले. जिन्यात उभी राहून रडले आणि परत येऊन त्यांच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, तुमचे हात असे वाटून टाकायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? मला नको होतं, त्याला नको होतं. ते म्हणाले, "ओरड, पण कोशाला धक्का लावू नकोस, ओला आहे."

आपल्या दोघांना काय काय हवंय ते या माणसानं न विचारता ओळखलं आणि पाच महिने मुकाट्यानं दिलं. तू त्याचा डबा केलास, मी चहा केला. मला माफी मागायची नाही आणि तुझी ऐकायची नाही. माफी मागून आपण दोघं मोकळे होऊ, त्यांना काय मिळणार?

म्हणून आता फक्त करायचं ते लिहिते. डबीवर मी नवं वर्तुळ काढलंय. सहाला उठते, पाऊण तास त्यांच्या खोलीत बसते. बसचालकांच्या घरी जाऊन बाईंसमोर सगळं सांगून आले, वर्तुळासकट. त्यांनी मला आत बोलावलं नाही, दारातच ऐकून घेतलं आणि दार लावलं. ते बरोबरच केलं त्यांनी. मालकांनाही सांगणार आहे, मग नोकरीचं काय व्हायचं ते होवो.

तुझं काम दोन गोष्टींचं. काल रात्रीपर्यंत तो व्हिडिओ होता, मी बघितला. रविवारच्या आत तो गेला पाहिजे, आणि ज्यांनी ज्यांनी तुझ्याकडून डबे घेतलेत त्यांना तू स्वतः फोन करायचास, गोळीबरोबर देऊ नका म्हणून. लाज वाटेल. वाटू दे. मला दारात उभं राहून वाटली.

दुसरी गोष्ट सोपी वाटेल, पण तुला तीच जड जाणार आहे. रविवारी बाबांना फोन कर आणि पावडर सोडून काहीतरी विचार. कोश कुठवर आला विचार. दोरा कोणता वापरता विचार. तू म्हणालास ते पुठ्ठ्याचं वाक्य अजून आठवतं का, ते विचारलंस तरी चालेल. ते लगेच उत्तर देणार नाहीत. मध्ये बोलू नकोस. फोन कट झालाय असं वाटेल, झालेला नसेल, ते शब्द जुळवत असतील. तेवढा वेळ तू फक्त थांब.

व्हिडिओ गेला आणि फोन आला, तर
तुझी बारकी.

नाहीतर नुसती
त्यांची मुलगी.